हळद, साबण आणि सबिना

आमच्या घरात बेसन तोंडात कमी आणि तोंडावर जास्त जायचं.

हे वाक्य माझं नव्हे, आमच्या ह्यांचं. ह्यांनी भजी मागितली की मी म्हणायची, "बेसन संपलं," आणि हे माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणायचे, "कुठे संपलं ते दिसतंय!" गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरची. आचोळ्यात आम्ही नुकता फ्लॅट घेतला होता, आणि नुकता फ्लॅट घेतलेल्या बाईला ब्यूटी पार्लरची पाटी वाचणंही परवडत नाही. म्हणून मी माझं सौंदर्य स्वयंपाकघरात शोधलं. सायीत लिंबू पिळून हातांना. मसूरडाळीचं जाडसर पीठ कोपरांना. संत्र्याच्या साली गॅलरीत वाळवून, कुटून, गुलाबपाण्यात कालवून गालांना. (नळाला पाणी एक दिवसाआड यायचं, पण घरात गुलाबपाण्याचा खंड नसायचा.) लिपस्टिक एकच. ती ओठांना लागायची, गालांना लागायची आणि सणावाराला पापण्यांनाही लागायची. संपली की काडेपेटीच्या काडीने तिचा तळ कोरायचा, त्यात थेंबभर ग्लिसरीन घालायचं, की आणखी दोन महिने निघाले!

नालासोपाऱ्यातल्या एका मराठी शाळेत मी पाचवी ते सातवीला विज्ञान शिकवायची. स्टाफरूममध्ये मात्र माझी ख्याती विज्ञानासाठी नव्हती. मधल्या सुट्टीत बायका डबा उघडायच्या आधी माझ्यापुढे तोंड करायच्या. "सुलभा, हे डाग बघ गं." "सुलभाबाई, टाचा फार फुटल्यात." मी गंभीरपणे हनुवटी धरून उजेडाकडे वळवायची, "हं" म्हणायची आणि दही सांगायची. माझं बहुतेक सगळ्यावर दहीच असायचं. गुण आला की माझी वाहवा, नाही आला की दही आंबट होतं!

माझ्या शेजारच्या खुर्चीत फिलोमिना बसायची. पापडी गावातली, केळीच्या वाडीत घर, आणि अठरा वर्षं मराठी शिकवत आलेली. तिच्यापुढे कुणी "केस धुवले" म्हटलं तर तिला ठसका लागायचा. "धुतले, सुलभा, धुतले!" एक दिवस ती डबा न उघडताच बसली. तिच्या धाकट्या बहिणीचं, सबिनाचं, लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं.

"पार्लरवालीने नवरीचा दर सांगितला," ती म्हणाली, "तो ऐकून आमच्या आयने बसायला खुर्ची मागितली."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पुढची सगळी शरम या एका ठिकाणी वाचली असती. पण आजूबाजूला सहा जणी ऐकत होत्या आणि माझ्यातली सौंदर्यतज्ज्ञ उसळी मारून उठली.

"पार्लर कशाला? मी आहे ना! शनिवारी लेप, रविवारी मेकअप. नवरी अशी दिसेल की पार्लरवाली पत्ता विचारत येईल!"

"अगं, पण एकदाच होणारं लग्न आहे..." फिलोमिना चाचरली.

"म्हणून तर! एकदाच होणाऱ्या गोष्टीला कुणी एवढा खर्च करतं का?"

हे वाक्य तिला व्याकरणदृष्ट्या बरोबर वाटलं असावं. ती हो म्हणाली.

माझ्या लेपाचा प्राण म्हणजे आंबेहळद. तिने कांती उजळते आणि डाग पडत नाही. लग्नाच्या आठवड्यातल्या शुक्रवारी वाण्याकडे गेले तर तो म्हणाला, "आंबेहळद नाय ताई, संपली. साधी देऊ?" मी मनात म्हटलं, साधी तर घरात आहे! माझ्या आईने कुडाळहून पाठवलेली, घरच्या हळकुंडांची, जात्यावर दळलेली. पुडीत आईने चिठ्ठीही घातली होती: "रंगाला जबर आहे, चिमूटभर पुरते." आईचं मत आमटीबद्दल आहे, असं मी ठरवलं. लेपात मी दोन मोठे चमचे घातले. नवरी आहे, आमटी नाही!

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर फिलोमिनाबरोबर पापडीला गेले. अंगणात मांडव उभा होता, बायका कांदे चिरत गप्पा मारत होत्या, खुंटीवर पातळ कापडात गुंडाळलेला पांढराशुभ्र गाऊन लटकत होता. लग्न दुसऱ्या दिवशी चार वाजता चर्चमध्ये. मागच्या पडवीत स्टुलावर सबिना बसली. गोरीगोमटी, हसरी, माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवून डोळे मिटलेली. त्या मिटलेल्या डोळ्यांची आठवण आली की आजही माझी कानशिलं तापतात.

मी कपाळापासून गळ्यापर्यंत लेप थापला.

"सुलभाताई, किती वेळ ठेवायचं?"

"बोलू नकोस, सुरकुत्या पडतात. अर्धा तास."

अर्ध्या तासात मी चहा घेतला, दोन मावश्यांना दही सांगितलं, एका आत्याला मसूरडाळ सांगितली. मग विहिरीचं पाणी घेऊन लेप धुतला. लेप गेला. पिवळा रंग गेला नाही.

साधासुधा पिवळा नव्हे. कपाळ, गाल, नाक, हनुवटी, गळा, सगळं पिवळंजर्द! मध्येच भुवया आणि दोन घाबरलेले डोळे.

"हे काय?" फिलोमिना म्हणाली.

"छान! हळद बसलीय," मी आवाजात खात्री आणत म्हटलं. "आमच्याकडे नवरीचं तोंड पिवळंच असतं. शुभ असतं."

"तुमच्याकडे! आमच्याकडे उद्या पांढरा गाऊन आहे!"

सबिनाने आरसा मागितला. तो मी दिला नाही, पण पितळी तांब्या चकचकीत घासलेला होता. तिने त्यात पाहिलं आणि भोकाड पसरलं. तेवढ्यात आय आली. आय म्हणजे त्या दोघींची आई, कासोटा घट्ट, आवाज त्याहून घट्ट. तिने लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे कोनी केलं?"

कोणीच उत्तर दिलं नाही. उत्तराच्या हातावर अजून लेप होता.

"जातं, जातं! लगेच जातं!" मी ओरडले. "साबण आणा! साबणाने स्वच्छ धुतलं की झालं!"

वाचकहो, इथे क्षणभर थांबून माझा विषय आठवा. मी विज्ञान शिकवत होते. दरवर्षी सातवीच्या वर्गात हळदीच्या पाण्यात बुडवलेला कागद हातात धरून मीच सांगायची, "मुलांनो, हळद हे नैसर्गिक दर्शक आहे. आम्लारीत तिचा रंग लाल होतो. साबण आम्लारी असतो." मुलं वहीत लिहून घ्यायची. बाई मात्र विसरल्या!

मी सबिनाच्या गालावर साबण चोळला. गाल केशरी झाला. मला वाटलं, रंग निघतोय, आणखी चोळावा. आणखी लाल झाला. अंगाचा साबण कमी पडतोय असं वाटून मी दगडावरची कपडे धुवायची वडी उचलली (हो, उचलली!) आणि हलक्या हाताने गळ्याला लावली. गळा कुंकवासारखा लालभडक!

"अॅलर्जी!" मी किंचाळले. "हिला अॅलर्जी आली!"

"काय आली?" अंगणातून कांदे चिरणाऱ्या बायका धावत आल्या. एका मावशीने क्रूसाची खूण केली. दुसरी म्हणाली, "गोवर दिसतो." तिसरी म्हणाली, "लग्न पुढं ढकला." हे ऐकल्यावर सबिनाच्या रडण्याने वरची पट्टी गाठली. तिचे अश्रू डोळ्यातून पडताना पांढरे आणि हनुवटीवरून पडताना लाल.

आता मला खरोखर घाम फुटला. गोरं करायला काय लावतात? लिंबू! मी केळीखाली ठेवलेल्या टोपलीतलं, खरं तर उद्याच्या सरबताचं, लिंबू घेतलं, कापलं आणि सबिनाच्या गालावरून फिरवलं. आणि काय सांगू, जिथे लिंबू फिरलं तिथे लाल रंग नाहीसा होऊन पुन्हा पिवळाधमक पट्टा उमटला! उजवा गाल पिवळा, डावा गाल लाल.

मी पाहत राहिले. मग मला उमगलं. आणि लाज वाटायच्या आधी, देवाशपथ सांगते, मला आनंद झाला!

"अगं फिलोमिना!" मी टाळी वाजवली. "आम्ल आणि आम्लारी! साबणाने लाल, लिंबाने पिवळं! इतकी स्पष्ट परीक्षा तर माझ्या वर्गातही कधी दिसत नाही!"

फिलोमिनाने माझ्या हातातली लिंबाची फोड काढून घेतली.

"सुलभा," फिलोमिना एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, "ते माझ्या बहिणीचं तोंड आहे. परीक्षानळी नाही."

मग मात्र लाज आली आणि आली ती गेलीच नाही. माझं तोंड कुठल्याही साबणाशिवाय लाल झालं. पदर नाकापर्यंत ओढून मी भिंतीला टेकून उभी राहिले. कुणी तरी "पार्लरवाली बरी होती" असं मला ऐकू जाईल एवढ्या हळू म्हणालं.

शेवटी आयच पुढे झाली. तिने मला कोपराने बाजूला केलं, खोबरेल तेलाची बाटली आणली, जुन्या मऊ धोतराचा तुकडा त्यात बुडवला आणि लेकीचं तोंड पुसायला बसली. "वाटन वाटल्यावर आमी हात कसे पुसतो? तेलानंच ना?" एवढंच बोलली. पुसायचं, कपडा बदलायचा, पुन्हा पुसायचं. दीड तासाने सबिनाचा चेहरा चेहऱ्यासारखा दिसू लागला. थोडी सोनेरी झाक राहिली, तेवढी राहिलीच.

दुसऱ्या दिवशी मेकअपला मला बोलावतील असं वाटलं नव्हतं, पण आयत्या वेळी दुसरी कोण मिळणार? मी गेले. सबिना डोळे मिटेना. उघड्या डोळ्यांनी माझ्या हातातल्या प्रत्येक वस्तूकडे बघत होती. "ताई, हे काय आहे?" "पावडर." "नुसती पावडर?" "नुसती गं बाई, डब्यातली!" सोनेरी झाकेवर मी पावडरचे इतके हात मारले की पाव डबा संपला. गालांना आणि ओठांना तीच ती फिकट गुलाबी लिपस्टिक, काडीने कोरलेली. आणि खरं सांगते, ती सुंदर दिसली. चर्चमध्ये मी खांबाआड बसले होते, तिथूनही सुंदर दिसली. शपथेच्या वेळी तिला रडू आलं, तेव्हा नवऱ्यामुलाने, विल्सनने, खिशातला पांढरा रुमाल काढून तिला दिला. तिने डोळे पुसले, गाल पुसले, रुमाल परत केला. अख्खं चर्च हळहळलं. मी सुटकेचा श्वास टाकला आणि जेवणात दोनदा गोड घेतलं.

बुधवारी फिलोमिना शाळेत आली ती थेट माझ्या टेबलापाशी.

"रुमाल," ती म्हणाली.

"कुठला रुमाल?"

"विल्सनचा. त्यावर फिकट पिवळा डाग होता. पावडरचा असेल म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. काल त्याच्या आईने तो धुवायला घेतला."

मी डोळे मिटले. "साबणाने?"

"साबणाने! मग काय दह्याने?"

रुमाल लाल झाला होता. मधोमध, लिपस्टिक पुसावी तसा. विल्सनच्या आईने तो दोन बोटांत धरून सुनेपुढे नाचवला. सबिनाने लग्नात फिकट गुलाबी लावली होती, हे सगळ्या गावाने पाहिलेलं. मग ही लालभडक कुणाची? सबिनाने विल्सनला विचारलं. विल्सन म्हणाला, मला काय माहीत. नवऱ्याने देऊ नये असं हे एकच उत्तर! तीन दिवसांचा संसार, आणि सबिना बॅग भरून बसली होती. आय तिकडे जायला निघाली होती, आणि आय तिकडे जाणं म्हणजे काय, हे मी पडवीत पाहिलं होतं.

"विल्सनच्या आईला सांग ना, हळद आहे म्हणून!" मी म्हटलं.

"सांगितलं. ती म्हणते, हळद पिवळी असते, मला शिकवू नका. आणि सबिना म्हणते, माझं तोंड तर आयने तेलाने पुसलं होतं, मग हळद आली कुठून? सुलभा, तू निस्तरायचंस. आज, शाळा सुटल्यावर."

ज्या घरात मला तोंड दाखवायचं नव्हतं, त्याच घरात मी संध्याकाळी लिंबू, साबणाची वडी आणि हळदीची पुडी पर्समध्ये घालून गेले. विल्सनचं घरही पापडीतच, चर्चच्या पलीकडे. वऱ्हांड्यात त्याचे वडील बसले होते, उंच, पांढऱ्या मिशा, फुलांच्या बागा करून रापलेले हात. आत विल्सनची आई, भिंतीशी विल्सन, त्याच्या विरुद्ध भिंतीशी सबिना. मध्ये टीपॉयवर तो रुमाल, पुरावा म्हणून ठेवलेला.

"मी सुलभा," मी सुरुवात केली. "नवरीचा... म्हणजे, ते सगळं मीच केलं."

"लाल तुम्ही केलं?" विल्सनच्या आईने विचारलं.

"पिवळं मी केलं. लाल साबणाने केलं."

कुणाला काही कळलं नाही. मी पाणी मागितलं, स्वच्छ रुमाल मागितला आणि आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं प्रात्यक्षिक सुरू केलं. हळद भिजवली, कपड्याला पुसली. "हा बघा, पिवळा." साबण चोळला. लालभडक! विल्सनची आई पुढे सरकली. मी लिंबू पिळलं. पुन्हा पिवळा! मग तो पुराव्याचा रुमाल उचलला, डागावर लिंबू पिळलं, आणि सर्वांच्या डोळ्यांदेखत ती परकी बाई रुमालावरून नाहीशी झाली.

"मी सांगत नव्हतो?" विल्सन ओरडला.

"कुठे सांगत होतास? 'मला काय माहीत' म्हणत होतास!" सबिना म्हणाली, पण म्हणताना हसली. विल्सनच्या आईने स्वतःच्या हाताने आणखी एकदा साबण लावला, आणखी एकदा लिंबू पिळलं, "आगं माझे बाये!" म्हणाली आणि तोंडाला पदर लावून खदखदू लागली. सबिनाची बॅग फिलोमिनाने गुपचूप पलंगाखाली सरकवली. मला रडू येईल असं वाटलं. संसार वाचला होता, आणि त्या क्षणी मला स्वतःचा थोडासा अभिमानही वाटला. नको होता वाटायला.

कारण आतापर्यंत एक शब्दही न बोललेले विल्सनचे वडील दारात येऊन उभे राहिले होते.

"बाई," ते शांतपणे म्हणाले, "साबणाने हळद लाल होते, हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?"

हो म्हणावं, तर मी जाणूनबुजून त्यांच्या सुनेचं तोंड रंगवलं. नाही म्हणावं, तर आत्ताचं प्रात्यक्षिक इतकं सराईत कसं?

"नंतर... नंतर लक्षात आलं," मी पुटपुटले.

"तुम्ही फिलोमिनाबाईंच्याच शाळेत ना? काय शिकवता?"

खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते. फिलोमिनाने ओठ दाताखाली धरला होता. मी हातातल्या लिंबाकडे पाहिलं.

"मराठी," मी म्हणाले.

त्यांच्या कपाळावरची आठी एकदम सुटली. चेहऱ्यावर इतका समजूतदारपणा पसरला की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"तरीच!" ते म्हणाले. "विज्ञानाच्या बाई असत्या, तर असं कशाला झालं असतं?"

मी मान डोलावली. दोनदा.

परत निघाले तेव्हा मला रिक्षापर्यंत सोडायला आलेली फिलोमिना चर्च मागे पडेपर्यंत दोन पावलं पुढेच चालत होती. अठरा वर्षं इमानेइतबारे मराठी शिकवल्यावर तिच्या विषयाच्या वाट्याला माझं शेण आलं होतं. मी रिक्षात बसताना तिने पिशवीतून वह्यांचा गठ्ठा काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"मराठी शिकवतेस ना? मग हे निबंध तपासून सोमवारी आण."

रविवारभर मी त्या वह्या घेऊन बसले. निबंधाचा विषय होता, 'खरे बोलण्याचे महत्त्व'. मी सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले. एकाचाही अर्धा गुण कापायचं तोंड मला उरलं नव्हतं, आणि जे उरलं होतं, त्याला बेसन लावलेलं होतं!